कुऱ्हाड झाड पाडेपर्यंत, पुढे वाकस

जुनी लाकडी जहाजं निव्वळ कुऱ्हाडीवर उभी राहिली असं म्हटलं जातं, ते अर्धंच पटतं. झाड पाडायला, ओंडका चौरस करायला कुऱ्हाड ठीकच, पण जहाजाच्या वाकड्या फासळ्या तासायच्या तर वाकस हवा, त्याचं पातं दांड्याला आडवं असतं त्यामुळे सुतार लाकडावर उभा राहून पायाशी घाव घालत पातळ ढलप्या काढत जातो (बोटं सांभाळून अर्थात!). आणि जहाजाच्या लाकडाचं म्हणाल तर सागाबद्दल बोलायलाच हवं. युरोपात जहाजांना वापरायचे त्या ओक लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात तेल असल्याने टिकतात. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्याने मलबारी सागात बांधलेली १८१७ ची युद्धनौका 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतेय, जाऊन बघता येते.