घोरणे आणि सडपातळ माणसे

लठ्ठ माणसेच घोरतात, हे मत अर्धेच खरे आहे. मानेभोवतीच्या चरबीने श्वासमार्ग अरुंद होतो हे मान्य. परंतु झोपेत घशाचे स्नायू सैल पडून जीभ मागे सरकणे आणि मऊ टाळू व पडजीभ हवेच्या झोताने थरथरणे, हे खालचा जबडा लहान असलेल्या सडपातळ माणसातही घडते.

आमचे सोलापूरचे काका, यंत्रमागावर उभा जन्म गेलेले, अंगाने अगदी काटकुळे. उन्हाळ्यात गच्चीवर उताणे झोपले की त्यांचे घोरणे मध्येच थांबे आणि मग हिसक्यासरशी श्वास परते. काकूंना ती शांतता बरी वाटे (साहजिकच), पण धोका तिच्यातच होता. झोपेत श्वास निदान 10 सेकंद अडणे, आणि असे तासाला 5 किंवा अधिक वेळा होणे, यास डॉक्टर स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात.