विषय : शनिवारचे मालिका-प्रदर्शन, सोयराबाईंचे प्रसंग गाळण्याबाबत

स.न.वि.वि.
‘स्वराज्यरक्षक संभाजी’मधील १६८० च्या गृहकलहाचे भाग शनिवारी दाखवायचे आहेत, परंतु सभागृह आठ वाजता रिकामे करायचे असल्याने काही गाळावेच लागेल. राजाराम महाराजांच्या मंचकारोहणापासून सरसेनापती हंबीरराव मोहिते अण्णाजी दत्तो व मोरोपंत या मंत्र्यांना कैद करतात तोपर्यंतचे कथानक सलग राहावे, म्हणून राजारामांच्या आई सोयराबाईंचे एकांतातले प्रसंग वगळावेत. उद्यापर्यंत मत कळवावे.
— सांस्कृतिक समिती

---

समितीच्या सूचनेला माझा विरोध आहे. ३ एप्रिलला शिवाजी महाराज गेले आणि २१ एप्रिलला दहा वर्षांचे राजाराम गादीवर बसले. त्या दिवसांतली सोयराबाईंची घालमेल काढून टाकली, तर मुलांपुढे केवळ कारस्थानी सावत्र आई उरते. त्याच वर्षी कुडाळच्या बाकरेशास्त्र्यांना दिलेल्या संस्कृत दानपत्रात स्वतः संभाजी महाराज त्यांना स्फटिकासारख्या निर्मळ मनाच्या म्हणतात. तेवढा भाग मी आधी वाचून दाखवीन. मुलांना काय सांगायचे, हे गेल्या शिवजयंतीप्रमाणे परस्पर न ठरवता शाळेला विचारावे.
— मराठी शाळेतून

---

ताई, दानपत्र १६८० चे आहे, हेही मुलांना सांगावे लागेल. संभाजी महाराजांनी आपल्या राज्याभिषेकाच्या वेळी अण्णाजींना माफ करून पुन्हा पद दिले, तरी १६८१ मध्ये त्यांनी औरंगजेबाच्या बंडखोर मुलाशी, अकबराशी, संधान बांधलेच आणि ते हत्तीच्या पायी गेले. माझे वडील इतिहासाचे शिक्षक. ते या प्रकरणात नेहमी खंडो बल्लाळांवर थांबत. खंडोंचे वडील, चिटणीस बाळाजी आवजी, त्याच शिक्षेत गेले, तरी मुलगा स्वराज्याशी एकनिष्ठ राहिला आणि पुढे राजाराम महाराजांबरोबर जिंजीला गेला. दाखवायचे तर हे दाखवा.
— ग्रंथालय

---

दादा, खंडो बल्लाळांविषयीचे आपले म्हणणे मनाला भिडले. परंतु शनिवारी १६८० च्या पुढे जायचे नाही, हे मागच्या बैठकीतच ठरले आहे. त्यांच्यावर आपण पुढच्या महिन्यात ग्रंथालयात सविस्तर बोलावे. चहाचे मध्यंतर रद्द केले तर सोयराबाईंचे प्रसंगही बसतात आणि ताईंचे वाचनही. चहा माझ्याकडे असल्याने तो सुरुवातीलाच, पाच वाजता, मिळेल.
— अल्पोपाहार