कंबर मिलमध्ये गेली की घरी?

जळगावकर वकील: एका डाळमिलवाल्याने टाकलंय: "पोतं उचलताना हमालाची कंबर गेली म्हणे! घरी पाण्याचा ड्रम उचलला असेल. एमआरआयमध्ये झीज जुनी आहे. आधी सिद्ध करा, मग भरपाई मागा." वाचून डोकं तापलं. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून शब्द तेच: कामामुळे आणि कामादरम्यान झालेला अपघात. सिद्ध कामगारानेच करायचं, मान्य. पण परिस्थितीवरून निष्कर्ष काढता येतो, हे मॅकिनन मॅकेन्झी खटल्यात १९६९ लाच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. अन् जुनी झीज? बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या रखवालदाराला आधीच हृदयविकार होता. कामाच्या ताणाने मरण लवकर आलं, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागलांनी मालकाला जबाबदार धरलंच. पन्नाशीच्या मालकाचाही एमआरआय काढून बघा.

डाळमिलवाला: तो रखवालदार ड्युटीवर छाती दुखते म्हणाला होता. आमचा माणूस शनिवारी हसत गेला, सोमवारी वाकून आला. मधल्या रविवारचं काय? अन् वर्षानुवर्षं झिजलेली कंबर म्हणजे अपघात नव्हे.

अमळनेरचा पोरगा: माझे वडील क्विंटलचं पोतं पाठीवर घ्यायचे. कंबर धरली तेव्हा मुकादम म्हणाला, हळद-दूध पी, गप बस, नाहीतर रोज जाईल. दवाखान्यात "घरी पडलो" सांगायला लावलं. तोच केसपेपर नंतर त्यांच्याविरुद्ध निघाला. अपघाताची वही तुमच्या कपाटात, अन् पुरावा आम्ही आणायचा?

सावद्याचा ट्रकवाला: हमालांचा एवढा पुळका आहे तर वाराईवरही, म्हणजे माल भरण्या-उतरवण्याच्या हमालीवरही बोला. माल व्यापाऱ्याचा, भरणारे त्याचे, अन् वाराई कापायची गाडीवाल्याच्या भाड्यातून! केळी भरताना रात्र गेली तरी कोणी चहा विचारत नाही.

अमळनेरचा पोरगा: विषय कंबरेचा आहे भो. वाराई पूर्ण हमालाच्या हातात पडते असं वाटतं का तुम्हाला?

सावद्याचा ट्रकवाला: मग कोणाच्या पडते? नाव घ्या ना!

डाळमिलवाला: याबाबत गाडीवाला बरोबर आहे. अन् माझ्याकडचे हमाल ठेकेदाराचे, माझे नाहीतच.

जळगावकर वकील: ठेकेदार दाखवून सुटका नाही, १९२३ च्या कायद्याचं कलम १२ हेच सांगायचं. भरपाई आधी मूळ मालकाने द्यायची, ठेकेदाराकडून वसूल नंतर. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू असेल तर मात्र दावा त्या महामंडळाकडे, तुमच्यावर नाही. म्हणजे वर्गणी भरली असती तर आज इथे भांडत बसला नसता.

डाळमिलवाला: बरं बाबा, उद्यापासून हमाल शिंकला तरी वहीत नोंद करतो. झालं समाधान?

अमळनेरचा पोरगा: करा. अन् सही त्याची घ्या, मुकादमाची नको.

सावद्याचा ट्रकवाला: वाराईचं नाव अजून कोणी घेतलं नाही.