दीडशे सीसीची साधी गाडी, ३,००० किमी आणि मधले कच्चे रस्ते: सल्ला हवा

वाटसरू१५०
नमस्कार मंडळी. गाडी दीडशे सीसीची, रोज ऑफिसला नेतो तीच. टाकी भरून वजन १४० किलोच्या आसपास, अलॉय व्हील, दोन्हीकडे १७ इंची ट्यूबलेस टायर, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला. पाच वर्षं जुनी, ३८,००० किमी झाले आहेत आणि आजवर दगा दिलेला नाही.

एकट्याने बारा दिवसांत साधारण ३,००० किमी करायचे आहेत. त्यातले चारेकशे किलोमीटर कच्चे: मुरूम, खडी, एक-दोन ओढे, थोडा फुफाटा. पाऊस आला तर चिखलही. एका दिवसात जास्तीत जास्त २८० किमी चालवली आहे, तीही गुळगुळीत डांबरावर. कच्च्या रस्त्याचा अनुभव विचाराल तर पाइप टाकायला खोदून ठेवलेली आमची गल्ली, बस्स.

मित्रांचं म्हणणं, ही विकून टाक आणि ४०० सीसीची ॲडव्हेंचर गाडी घे. पैशाचं गणित जमेलही, पण मन होत नाही. गाडी बदलू की हीच तयार करू? करायची तर आधी खर्च कशावर? निघायला दोन महिने आहेत.

टॉपगिअर
घ्या हो मोठी. आयुष्य एकदाच मिळतं.

खडीफोड
टॉपगिअर, आयुष्य एकदाच मिळतं म्हणूनच सांगतो, विकू नका.

मी दीडशेवरून सव्वादोनशे किलोच्या ॲडव्हेंचरवर गेलो आणि तिथून परत दोनशे सीसीवर आलो, म्हणजे उलटा प्रवास केलेला माणूस आहे. मोठी गाडी डांबरावर राणी, वादच नाही. पण ओल्या मुरमाच्या उतारावर ती आडवी झाली तेव्हा एकट्याला उचलेना. दीड तास रस्त्याकडे बघत बसलो, तेव्हा कुठे दोघं जण आले. तुमची १४० किलोची गाडी दिवसातून पाच वेळा पडली तरी पाचही वेळा तुम्ही एकटे उभी कराल. (पडलेली गाडी कमरेने ओढून उचलायची नाही. गिअरमध्ये टाका म्हणजे घरंगळणार नाही, हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून खाली बसा आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठा. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन झोपते.)

हा हलकेपणा तुम्हाला फुकट मिळालाय, तो सामान लादून घालवू नका. मॅन्युअलमध्ये एकूण भाराची मर्यादा दिलेली असते आणि त्यात तुम्ही स्वतःही आलात. जॅकेट, बूट, हेल्मेट धरले की तुमचंच वजन सात-आठ किलोने वाढतं. सामान १५ किलोच्या आत बसवा. पाणी लिटरला एक किलो, पेट्रोल लिटरला पाऊण किलो, तेही यात मोजा. जड वस्तू खाली आणि पुढे, तुमच्या मांडीजवळ. सगळं मागच्या कॅरिअरवर रचलं तर पुढचं चाक हलकं होतं आणि वाळूत हँडल ऐकेनासं होतं. पत्र्याच्या पेट्या नकोत, कापडी सॅडलबॅग बऱ्या. कच्च्यात पाय टेकवत जाताना पोटरी पेटीखाली सापडली की घोटा गेलाच म्हणून समजा.

दोन महिन्यांतला निम्मा वेळ गाडीवर नको, स्वतःवर घाला. फूटरेस्टवर उभं राहून चालवायला शिका. शिपायासारखं ताठ नव्हे. गुडघे किंचित वाकलेले, टाकी मांड्यांनी धरलेली, कोपर बाहेर, हाताची पकड सैल. खड्ड्यात गाडी खाली नाचेल, तुम्ही नाचायचं नाही. साध्या गाडीच्या फोर्कला (पुढच्या शॉकला) साधारण १३० मिलिमीटर वर-खाली खेळ असतो, खऱ्या डर्ट बाइकला त्याच्या दुप्पट. उरलेला निम्मा तुमच्या गुडघ्यांतून येतो. नजर चाकापुढच्या दगडावर खिळली तर गाडी त्याच दगडावर जाते, म्हणून वीस-तीस मीटर पुढे बघा. सुट्या खडीत हँडल थोडं इकडे तिकडे सरकणारच, सरकू द्या. घाबरून आवळलंत की पडलात.

एकटीच
खडीफोड यांना +१. माझी उंची पाच फुटाला जेमतेम एक इंच वर. मोठ्या गाडीवर माझे पाय पोचत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता कधीच सुटलाय. लोइस प्राइस २००३ साली यामाहा एक्सटी२२५ वर अलास्काहून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला उशुआयापर्यंत एकटी गेली होती. सव्वादोनशे सीसी.

पान्हा१०नंबर
एकटीच ताई, एक्सटी२२५ मुळात कच्च्यासाठीच बनवलेली गाडी आहे, उंच आणि लांब शॉकची. वाटसरूंना ते उदाहरण पुरतं लागू होत नाही. त्यापेक्षा नेथन मिलवर्डचं घ्या. ऑस्ट्रेलियात टपाल वाटायला वापरायचे त्या होंडा सीटी११० वर तो सिडनीहून लंडनला गेला. इंजिन १०५ सीसी, वेग सायकलपेक्षा बरा इतकाच.

आता कामाचं.

पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका दाताने लहान करा. १४ चं १३ केलंत की ओढ जवळपास साडेसात टक्क्यांनी वाढते. मागचं ४२ चं ४५ केलंत तरी फरक तोच, पण पुढचं स्वस्त पडतं आणि अर्ध्या तासात बदलून होतं. त्याची किंमत डांबरावर मोजावी लागते: ज्या आरपीएमला पूर्वी ८० चा वेग मिळायचा तिथे आता ७४ मिळेल. कच्च्यात मात्र पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लच न घासता चढ चढता येतो आणि क्लच प्लेटा वाचतात. डोंगरात हे आणखी जाणवेल, कारण दर हजार मीटर उंचीला इंजिनाची ताकद साधारण दहा टक्के कमी होते. फ्युएल इंजेक्शन मिश्रण सांभाळून घेतं, पण हवाच विरळ त्याला तेही काय करणार.

चेनचा झोल तपासायचा तो सामान लादून, स्वतः बसून. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन भार आला की ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. फुफाट्यातून आलात की आधी ब्रशने साफ करा, मग वंगण. धुळीवर वंगण ओतलं की पॉलिश पेपर तयार होतो.

क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प थोडे सैल ठेवा. खाली टेफ्लॉन टेपचे दोन वेढे. हाताने जोर लावून फिरले पाहिजेत, आपोआप नाही. गाडी पडली की लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो. नवी क्लच केबल जुनीच्या शेजारून ओवून दोन्ही टोकं टेपने बांधून ठेवा. वाटेत तुटली तर दहा मिनिटांत इकडची तिकडे. फूटरेस्टवरचं रबर काढता येत असेल तर काढा, ओल्या बुटाला खालचं दातेरी लोखंड बरं.

इंजिनात तेल लिटरभरच असतं. दिवसभर पाचव्या गिअरमध्ये ताणलेलं एअरकूल्ड इंजिन थोडं तेल पितं. रोज सकाळी गाडी सरळ उभी करून पातळी बघा. इंजिनाच्या खाली ॲल्युमिनियमचा गार्ड हवाच. प्लास्टिकचा असतो तो शोभेचा.

वाटसरू१५०
बापरे, एवढं सगळं! सर्वांचे आभार. म्हणजे गाडी हीच, ठरलं. टायर आणि हवेबद्दल कोणी सांगाल का? दुकानदार म्हणतो मोठ्या गोट्यांचा (उंच, सुट्या रबरी ठोकळ्यांचा) टायर टाका. आणि कच्च्यात हवा निम्मी करा असं एका व्हिडिओत पाहिलं.

खडीफोड
निम्मी अजिबात नको. डर्ट बाइकला ते चालतं. तुमच्याकडे अलॉय रिम आहे आणि वर सामान. हवा फार कमी केली की दगडावर टायर रिमपर्यंत दबतो. तारेचं चाक वाकतं, ठोकून सरळ करता येतं. अलॉयला तडा गेला की ट्यूबलेसची सगळी गंमत तिथेच संपली. डांबरावर ३० पीएसआय असेल तर लांब कच्च्या पट्ट्याला २४ करा, त्याखाली मी जाणार नाही. मोजायची टायर थंड असताना. डांबर लागलं की परत भरायची, त्यासाठी छोटा पंप जवळ हवा.

पान्हा१०नंबर
माझं मत वेगळं. भार जास्त असेल तर २४ सुद्धा मागच्या चाकाला कमीच. पुढे २४, मागे २७. आणि चारशे किलोमीटरचे तुकडे तुकडे असतील तर दर वेळी हवा कमी-जास्त करत बसायचा कंटाळा येतो हो, तिसऱ्या दिवसानंतर कोणी करत नाही.

खडीफोड
कंटाळा येतो हे खरं. मागे २७ मान्य.

टायरचं म्हणाल तर २,६०० किमी डांबर आणि ४०० कच्चं, या हिशेबात मोठ्या गोट्यांचा टायर चुकीचा. ओल्या डांबरावर ब्रेक लावताना त्याच गोट्या वाकतात आणि मागचा टायर परतेपर्यंत गुळगुळीत होतो. दोन्हीकडे चालणारा, मध्यम खोल खाचांचा टायर घ्या. १७ इंचाला निवड कमी असते, म्हणून आत्ताच शोधायला लागा. रुंदी वाढवू नका. पंक्चरच्या वाती (भोकात ठासायच्या रबरी पट्ट्या) आणि सुरी जवळ ठेवा, आणि घरी जुन्या टायरला खिळा मारून एकदा वात घालून बघा. पहिला प्रयोग पावसात नको.

एकटीच
एबीएसबद्दल कोणी बोललं नाही. तुमचं पुढेच आहे. खडीच्या उतारावर पुढचा ब्रेक जोरात दाबलात तर एबीएस सोडून सोडून पकडतो आणि गाडी थांबतच नाही असं वाटतं. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता. उतारावर पहिला किंवा दुसरा गिअर, इंजिनच गाडी रोखेल, वर मागचा ब्रेक. मागचं चाक घसरलं तर गाडी शेपूट हलवते, सावरता येतं. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. फ्यूज काढून एबीएस बंद करणारे आहेत, मी करत नाही, कारण डांबर लागल्यावर परत लावायचा विसर पडतो.

ओढा आधी पायी ओलांडायचा. बूट भिजतात, भिजू द्या. पाणी गुडघ्याला लागलं तर मागे फिरा. जायचं ठरलं तर पहिला गिअर, एकसारखी रेस, मध्ये थांबणं नाही. इंजिनात पाणी गेल्याची शंका आली तर सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, मग फिरवा, पिचकारी बाहेर येईल.

टॉपगिअर
सीटचं काय? माझं दोनशे किलोमीटरनंतर संपतं.

एकटीच
सायकलवाल्यांची पॅड असलेली चड्डी आतून. जाड शिवणीची जीन्स घालून लांब बसू नका. आणि कच्चा असो वा डांबर, अर्ध्या तासाने मिनिटभर उभं राहून चालवायचं.

वाटसरू१५०
तीन आठवड्यांनी हजेरी लावतोय. टायर बदलले, स्प्रॉकेट १३ चं टाकलं, गार्ड लावला, सामान घरातल्या काट्यावर तोललं तर २२ किलो! ट्रायपॉड, दुसरी जीन्स आणि 'लागलं तर असू दे' नावाची अख्खी पिशवी काढली, १४ वर आलो.

रविवारी पाऊस पडून गेल्यावर मुद्दाम मातीच्या वाटेवर सरावाला गेलो. उभं राहणं जमतंय, मांड्या दोन दिवस बोलत होत्या. पण शेवटच्या अर्ध्या किलोमीटरला चिकणमाती होती आणि गाडी जड होत होत थांबलीच. मला वाटलं क्लच गेला. रेस दिली तर मागचं चाक जागच्या जागी फिरतंय आणि पुढचं जाम! मी चालण्याच्या वेगाने आडवा. खाली वाकून बघतो तर पुढचा टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती ठासून भरलेली, बोट शिरायला जागा नाही. काडीने कोरायचं, वीस फूट जायचं, परत कोरायचं, असा पाऊण तास गेला. क्लच लिव्हर मात्र नुसता फिरला, मोडला नाही. पान्हाभाऊ, त्या टेपबद्दल तुम्हाला सलाम.

आता हे मडगार्ड काढूनच टाकू का?

खडीफोड
अरेरे, हे मीच सांगायला हवं होतं. रस्त्याच्या गाडीचं मडगार्ड टायरला चिकटून असतं, चिकणमातीत हे होणारच.

पान्हा१०नंबर
पूर्ण काढू नका. बऱ्याच गाड्यांत मडगार्डच्या खाली लोखंडी कमान असते, ती दोन्ही फोर्कना बांधून ठेवते. ब्रेकचा पाइपही तिथेच अडकवलेला असतो, तो मोकळा झाला तर टायरला घासेल. कमान राहू द्या, मडगार्डच्या बोल्टखाली वॉशर घालून ते वर उचला. आणि मागची खाली लोंबणारी जीभ, जिथून माती आत ओढली जाते, ती कापा.

वाटसरू१५०
किती उचलू? वर हेडलाइटच्या ब्रॅकेटला लागणार नाही ना?

पान्हा१०नंबर
दहा-बारा मिलिमीटर. फोर्कच्या चकचकीत नळीला सीलपाशी एक प्लास्टिकची झिपटाय बांधा आणि एखाद्या वाईट खड्ड्यातून गाडी काढून आणा. झिपटाय जिथवर वर सरकली, तितका फोर्क दबला. त्यावर अजून वीस मिलिमीटर धरून जागा उरते का बघा. उरत नसेल तर वॉशर कमी करा आणि जीभ जास्त कापा. आणि बोल्ट लांब घ्या, जुने पुरणार नाहीत.

वाटसरू१५०
शनिवारी करतो. झिपटाय किती वर गेली ते इथेच लिहीन.