'प्रतिकारशक्ती', 'प्रतिरोध' की 'दाद देत नाही'?

लेखनिक: फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णपत्रिकेत वाक्य आहे, 'सिस्प्लॅटिनविरुद्ध गाठीत प्रतिकारशक्ती निर्माण होते'. खटकतंय. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. ते गाठीवर न चालणं, म्हणजे 'रेझिस्टन्स', याला काय लिहावं?

गुणसूत्र: प्रतिकारशक्ती रुग्णाची, गाठीची नव्हे. वाचणारा खूश व्हायचा! क्षयरोगात रुळलेलं घ्या: औषधाला दाद न देणे.

अमात्य: दाद फारसी. मूळ अर्थ न्याय. 'प्रतिरोध' असताना उसनवारी कशाला?

गुणसूत्र: सिस्प्लॅटिन चालतं आणि दाद नको? शिवाय 'गाठ दाद देत नाही' म्हणजे पहिल्यापासून, 'दाद देईनाशी झाली' म्हणजे आधी देत होती. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या लघुपेशी प्रकारात बहुतेकदा दुसरंच घडतं: सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड या औषधांच्या जोडीने गाठ झपाट्याने आक्रसते आणि काही महिन्यांत उलटते. हा फरक 'प्रतिरोधा'त दिसत नाही.

रसायनी: 'प्रतिरोधा'त बरंच काही दिसत नाही. पेशीबाहेर क्लोराइड सुमारे १०० मिलिमोलर, आत खूप कमी. म्हणून आत शिरल्यावर सिस्प्लॅटिनचे क्लोराइड सुटतात, जागी पाणी येतं, मग त्यातलं प्लॅटिनम डीएनएमधल्या शेजारच्या दोन ग्वानीन घटकांना एन-७ या नायट्रोजनपाशी धरून डीएनए वाकवतं. आता बिघाड बघा. सीटीआर-१ हे वाहक प्रथिन घटलं की औषध आतच कमी येतं. आलेलं औषध ग्लुटाथायोन हा पेशीतला रेणू वाटेत पकडतो. त्यातूनही डीएनएला चिकटलं, तर ईआरसीसी१-एक्सपीएफ ही प्रथिनांची जोडी तेवढा तुकडा कापायला मदत करते आणि पेशी खाच भरून घेते. पहिला रोध, दुसरा अटकाव, तिसरी चक्क डागडुजी.

अमात्य: म्हणजे तिन्हींना कवेत घेणारा शब्द प्रतिरोधच!

वाटसरू: पंप राहिला. पी-ग्लायकोप्रोटीन हे पेशीतलं औषध बाहेर काढणारं प्रथिन, त्याच्या कामाला 'बहिर्वाह' लिहितात, जणू औषध आपसूक वाहून जातं. एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्चून बाहेर काढतात त्याला आपल्याकडे उपसा म्हणतात.

रसायनी: उपसा झकास, पण सिस्प्लॅटिनच्या वाक्यात घालू नका. तो पंप पॅक्लिटॅक्सेल, इटोपोसाइड ही औषधं उपसतो. सिस्प्लॅटिन त्याचं गिऱ्हाईक नाही. ग्लुटाथायोन जोडलेलं प्लॅटिनम एमआरपी२ हा वेगळा पंप बाहेर टाकतो.

अमात्य: 'निष्कासन' जास्त नेमकं.

वाटसरू: ते अतिक्रमणाचं होतं, पालिका करते.

गुणसूत्र: लेखनिक, पत्रिकेत टी७९०एम हा जनुकीय बदल असेल तर केमोच्या मथळ्याखाली ठेवू नका. जेफिटिनिब ही लक्ष्यवेधी गोळी. ती ज्याला अडवते त्या ईजीएफआर प्रथिनात ७९०व्या जागी थ्रिओनीन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनीन आलं की तिथे एटीपीची पकड वाढते आणि गोळीला जागेसाठी झुंजावं लागतं.

लेखनिक: आहे, त्याच मथळ्याखाली. हलवतो. 'मेथिओनीन'मधला नी दीर्घच ना?

अमात्य: ऱ्हस्व. परभाषेतल्या शब्दांना आपले दीर्घ लावायचे नसतात.

वाटसरू: मग 'प्रथिन'चं काय करणार?