जुनी जिन कशानं बंद पडली: एकाधिकार खरेदीनं की एका शाफ्टनं?

वऱ्हाडकर: शकुंतला या छोट्या रेल्वेच्या मूर्तिजापूर-यवतमाळ लायनीवर, कारंजा-दारव्ह्याकडे, जुन्या जिनांची, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यांची, ओस आवारं दिसतात. चिमणी, गंजलेले पत्रे, आत बाभळी. माझ्या मते त्यांना १९७२ च्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेनं संपवलं. सगळा कापूस राज्याच्या पणन महासंघानंच घ्यायचा, त्यातून निघालेली रुई आणि सरकीही त्याचीच. जिनवाल्याच्या हाती उरली फक्त मजुरी.

रेचेवाला: काहून सगळं योजनेवर ढकलता भाऊ? आत जाऊन भिंत पाहा. एका रांगेत बेअरिंगचे ओतीव ब्रॅकेट दिसतील. म्हणजे एक इंजिन, एक लांब फिरता दांडा, म्हणजे शाफ्ट, आणि त्यावरून पट्ट्यानं फिरणारा प्रत्येक रेचा, म्हणजे सरकी काढायचं यंत्र. एक बेअरिंग तापलं की सगळी रांग उभी! दोनच रेचे चालवायचे असले तरी अख्खा शाफ्ट फिरवा. आजच्या डबल रोलर रेच्याला ज्याची त्याची मोटर असते. शिवाय चामड्याच्या चकत्यांचा रोलर झिजला की सरकी अडवणाऱ्या सुरीशी त्याचा मेळ बिघडतो. मग मिस्त्री सुरी जास्त दाबतो, रोलर तापतो, रुई पिवळी पडते, सरकी फुटून तिचे तुकडे रुईत जातात.

वऱ्हाडकर: तेच म्हणतो मी. रुई चांगली निघाली तरी जादा भाव जिनवाल्याला मिळणार नव्हता, तर त्यानं मोटारी कशाला बसवायच्या?

गठाणवाला: रुई दाबून गठाण बांधणाऱ्या प्रेसचं नावच नाही कोणाच्या तोंडी. पाच क्विंटल कापूस, त्यातून रुईचा ३४ टक्के उतारा, म्हणजे १७० किलो रुई, एक गठाण. जिथं जिन होती पण प्रेस नव्हती, तिथून ही सुटी रुई बोऱ्यांत कोंबून दुसऱ्या आवारात न्यावी लागे. सुतळी, धूळ, पालापाचोळा, सगळं त्यात शिरायचं, आणि त्यामुळं सूतगिरणीत धागा तुटायचा. २००० साली केंद्र सरकारचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं. त्याचा भर कापूस आधी साफ करण्यावर, रुईला हात न लावता ती पुढं नेण्यावर, आणि जिन-प्रेस एकाच आवारात असण्यावर होता. एकट्या जिनेला त्यात जागा कुठली?

रेचेवाला: हे पटलं. पण मग जागेचंही धरा. शकुंतलेच्या दोन रुळांत अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणून मूर्तिजापुरात गठाणी उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा भरायच्या. ट्रक थेट आवारात येऊ लागल्यावर स्टेशनाला चिकटून राहण्यात काय फायदा उरला?

वऱ्हाडकर: ट्रक सगळ्यांनाच मिळाले. जिथं मालकाला गुंतवायची उमेद होती तिथल्या जिना चालूच राहिल्या ना?