बंद केला, आता सुरूच होत नाही: रास्पबेरी पायचे कोकणातील अनुभव

रत्नागिरी, धागाकर्ता

रास्पबेरी पाय, म्हणजे एकाच छोट्या बोर्डावर मावणारा संगणक, रीतसर शटडाऊन केला आणि नंतर तो काही केल्या सुरू होत नाही, ही तक्रार पाऊस लागला की आपल्या किनारपट्टीवर हमखास ऐकू येते. एरवी हे बोर्ड महिनोन्‌महिने अखंड चालू असतात. ढग गडगडू लागले आणि विजेचा लपंडाव सुरू झाला की मेमरी कार्ड वाचावे म्हणून आपण ते बंद करतो, त्यामुळे बोर्ड पुन्हा उठवण्याची वेळही याच दिवसांत येते.

शटडाऊनची आज्ञा दिल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम थांबते, हिरवा दिवा सुमारे दहा वेळा एका लयीत लुकलुकून विझतो आणि लाल दिवा मात्र तसाच राहतो, कारण अडॅप्टरचे ५ व्होल्ट बोर्डावर येतच असतात. पाय ४ पर्यंतच्या नेहमीच्या मॉडेल बी बोर्डांना चालू-बंदचे बटण नाही. ते २०२३ साली पाय ५ वर आले. त्याआधीचा थांबलेला बोर्ड उठवण्याचा साधा मार्ग म्हणजे वीज काढून, थोडे थांबून पुन्हा देणे. वीज खरोखरच निघाली होती का, हे तपासल्याशिवाय बोर्ड मेला असे ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अनुभव लिहिताना मॉडेल, अडॅप्टर, जोडलेली उपकरणे आणि दोन्ही दिव्यांची स्थिती अवश्य लिहावी. नुसते ‘डेड झाला’ एवढ्यावरून कोणालाच काही सांगता येत नाही.

देवगड

आमच्या गच्चीवर जहाजांचे एआयएस संदेश, म्हणजे ती आपली ओळख आणि ठिकाण कळवण्यासाठी पाठवतात ते रेडिओ संदेश, पकडणारी अँटेना आहे. १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवरचे हे संदेश एका एसडीआर डोंगलमधून (यूएसबीला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरमधून) पाय ४ कडे येतात आणि किल्ल्याच्या दीपगृहापलीकडून जाणारी मालवाहू जहाजे घरबसल्या नकाशावर दिसतात. डोंगल आणि हार्ड डिस्क यांचा एकत्रित भार बोर्डावर पडू नये म्हणून मध्ये स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावलेला होता.

वादळी वाऱ्याचा इशारा आला म्हणून बोर्ड बंद केला. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचे बटण दाबले तर लाल दिवा लागलेला आणि हिरवा एकदाही लुकलुकत नाही. अडॅप्टर बदलला, कार्ड बदलले, वायर बदलली, तरीही परिस्थिती तीच. शेवटी शेजारचा अभियांत्रिकीला असलेला मुलगा पाहायला आला. त्याने पायची वायर काढून हातात धरली आणि विचारले, “काका, वायर माझ्या हातात आहे, मग हा लाल दिवा कसा काय लागलाय?” दिवा मंद होता, पण लागलेला होता. मल्टीमीटरने बोर्डाच्या कडेच्या पिनांपैकी २ (५ व्होल्ट) आणि ६ (ग्राउंड) या क्रमांकाच्या पिनांमध्ये व्होल्टेज पाहिले तेव्हा साडेतीन व्होल्टच्या आसपास भरले.

हबचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर असल्याने तो कधी बंदच होत नव्हता. काही हबांमध्ये उलट दिशेचा प्रवाह अडवणारी सोय नसते, त्यामुळे हबचे ५ व्होल्ट यूएसबीच्या वायरीतून माघारी बोर्डावर येतात. एवढ्या विजेवर बोर्ड चालत नाही, पण त्याचे वीजनियंत्रण पूर्ण विझतही नाही, म्हणून अडॅप्टर पुन्हा जोडल्यावर त्याला नव्याने सुरुवात झाली असे कळतच नाही. हबची वायर काढली, दिवा पूर्ण विझू दिला, मग आधी पायचा अडॅप्टर आणि नंतर हब जोडला. बोर्ड लगेच सुरू झाला. आता दोन्ही अडॅप्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आहेत आणि दोघांना मिळून एकच बटण आहे. टीव्ही किंवा मॉनिटर चालू असेल तर एचडीएमआयच्या वायरीतूनही थोडे व्होल्टेज येऊ शकते, हेही तपासताना लक्षात असू द्यावे.

गुहागर

माझ्याकडे पाय ३ बी आहे. पडवीत तापमान आणि आर्द्रतेची नोंद ठेवण्याचे काम तो करतो. चालू असताना कधी तक्रार नसे, परंतु बंद करून पुन्हा सुरू केला की लाल दिवा लागून विझे, पुन्हा लागे आणि तेथेच सारे थांबे. या मॉडेलवर व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली गेले की लाल दिवा विझतो. म्हणजे दिवा विझणे हे बोर्ड बिघडल्याचे लक्षण नसून उपाशी असल्याचे आहे. सुरू होतानाच्या काही क्षणांत बोर्डाला एकदम जास्त प्रवाह लागतो, आणि जो चार्जर चालू बोर्डाला कसाबसा पुरतो तो नेमका तेथे तोकडा पडतो.

मल्टीमीटरने मात्र व्होल्टेज बरोबर दाखवले, कारण क्षणभराची घसरण साध्या मीटरवर दिसत नाही. बोर्ड कसाबसा सुरू झाल्यावर गेट-थ्रॉटल्ड ही बोर्डाला वीज कमी पडली का ते सांगणारी आज्ञा चालवून पाहिली, तेव्हा व्होल्टेज कमी पडून गेल्याची खूण मिळाली. मोबाइलचा चार्जर आणि लांबलचक बारीक वायर काढून ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा, वायर जोडूनच येणारा अडॅप्टर लावला.

एवढ्याने प्रश्न पूर्ण सुटला नाही. भिंगातून पाहिले तर मायक्रो यूएसबीच्या खाचेत हिरवट थर दिसत होता. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर असेल तर खारा वारा तांब्या-पितळेच्या प्रत्येक टोकावर हे करतोच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन खाच साफ केली, पूर्ण वाळू दिली, आणि त्यानंतर ही अडचण आलेली नाही. नवा बोर्ड घेण्याआधी पडवीत राहणाऱ्या प्रत्येकाने ही खाच एकदा पाहावी.

मालवण

आमच्या होमस्टेच्या ओटीवर टीव्हीला पाय ४ जोडून मासळीच्या जेवणाचा फलक दाखवतो. सकाळी पाय आधी सुरू होई, टीव्ही नंतर, आणि पडदा काळा. सगळ्यांनी बोर्ड गेला असेच गृहीत धरले होते. मोबाइलवरून त्याच्या आयपी पत्त्याला (नेटवर्कवरील क्रमांकाला) पिंग केले, म्हणजे जागा आहे का हे विचारणारा छोटा संदेश पाठवला, तर उत्तर येत होते. सुरू होताना समोर टीव्ही न दिसल्यामुळे त्याने चित्रच पाठवले नव्हते. एचडीएमआय सक्तीने चालू ठेवण्याची ओळ सेटिंगमध्ये घातली आणि वायर चार्जिंगच्या खाचेलगतच्या, म्हणजे पहिल्या एचडीएमआयला लावली.

श्रीवर्धन

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले, त्यानंतर येथे वीज बराच काळ नव्हती. वीज परत आल्यावर बोर्डाचा लाल दिवा स्थिर होता आणि हिरवा दिवा चार वेळा लुकलुकून थांबे, पुन्हा चार वेळा लुकलुके. चार म्हणजे सुरुवातीची स्टार्ट फाइल सापडत नाही, सात म्हणजे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सापडत नाही. ही सांकेतिक भाषा अधिकृत दस्तऐवजात दिलेली आहे. याचा अर्थ बोर्ड शाबूत असून कार्डावरील मजकूर गेलेला आहे.

दुसऱ्या कार्डावर नवी प्रणाली चढवली आणि बोर्ड सुरू झाला. जुने कार्ड लॅपटॉपला लावून पर्जन्यमापकाच्या नोंदी बऱ्याच अंशी मिळाल्या. त्यानंतर रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममधील ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली, म्हणजे कार्डावर काही लिहिलेच जात नाही. नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर जातात. हिरवा दिवा थांबण्याआधी कोणीही प्लग काढायचा नाही, अशी चिठ्ठीही बटणाशेजारी लावली आहे.

दापोली

आमचा बोर्ड सुपारीच्या बागेत पंपाच्या खोलीत, कुलूपबंद पेटीत आहे. प्रत्येक वेळी पेटी उघडून प्लग काढणे नको होते. ५ आणि ६ क्रमांकाच्या पिना क्षणभर जोडल्यास थांबलेला बोर्ड जागा होतो: पिन ५ म्हणजे जीपीआयओ ३ (बाहेरचे बटण किंवा उपकरण जोडण्याची संकेत-पिन) आणि पिन ६ म्हणजे ग्राउंड. या दोन पिनांना दाबून सुटणारे एक साधे बटण जोडून ते पेटीबाहेर काढले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी. ६ च्या अगदी शेजारी, त्याच रांगेत, ४ क्रमांकाच्या पिनेवर ५ व्होल्ट असतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोडू गेल्यास आणि टोक घसरून ५ व ४ जोडले गेल्यास बोर्ड कायमचा जाऊ शकतो. म्हणून बटण सोल्डर करूनच लावावे.

शिवाय वेळ चुकू नये म्हणून डीएस३२३१ हे घड्याळाचे छोटे मॉड्यूल लावलेले असेल तर ते १, ३, ५, ७ आणि ९ या पिना व्यापून बसते. अशा वेळी बटणाची वायर मॉड्यूलच्या एससीएल टोकाला (५ क्रमांकाच्या पिनेवर बसणाऱ्या) सोल्डर करता येते, परंतु त्याच बटणाने शटडाऊन करण्याचा ओव्हरले (कॉन्फिग फाइलीतील सेटिंग) जीपीआयओ ३ वर ठेवू नये. घड्याळाचे संदेश त्याच तारेवरून जातात. शटडाऊनसाठी दुसरी पिन निवडावी.

अलिबाग

दापोलीच्या काकांनी सांगितलेले बटण मी सेकंडहँड पाय ४ ला लावले, तरी बोर्ड उठेना. बूटलोडरची, म्हणजे बोर्ड सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, सेटिंग पाहिल्यावर उलगडा झाला. आधीच्या मालकाने वीज वाचवण्यासाठी ‘पॉवर ऑफ ऑन हॉल्ट’ १ आणि ‘वेक ऑन जीपीआयओ’ ० करून ठेवले होते. तसे केले की शटडाऊननंतर बोर्डावरील वीजपुरवठा जवळजवळ सगळाच बंद होतो आणि जीपीआयओ ३ कडे लक्ष द्यायला कोणी जागे राहत नाही. ही सेटिंग ईईप्रॉममध्ये, म्हणजे बोर्डावरच्याच कायमस्वरूपी मेमरीत, असल्याने कार्ड बदलूनही जात नाही. पूर्ववत केल्यावर बटण चालू लागले. सेकंडहँड बोर्ड घेतल्यावर हे आधी पाहावे, असे मी सुचवीन.

रत्नागिरी, धागाकर्ता

अलिबागकरांचे आभार, ही नोंद मलाही नवी आहे. देवगडच्या अनुभवावरून मी माझाही हब तपासला, त्यात मात्र उलट वीज येत नाही. पाय ५ वाल्यांपैकी कोणी लिहील का?

वेंगुर्ला

माझ्याकडे पाय ५ असून प्रणाली यूएसबीला जोडलेल्या एसएसडीवर (चिपवर चालणाऱ्या डिस्कवर) आहे. वीज गेल्यावर तो इन्व्हर्टरवरच्या पाय ४ च्या, म्हणजे ३ अँपिअरच्या अडॅप्टरला जोडला आणि तेव्हापासून तो आपोआप सुरू होईना. पडदा जोडून पाहिल्यावर समजले की ५ अँपिअरचा अडॅप्टर ओळखता आला नाही तर पाय ५ यूएसबी उपकरणांना मिळून फक्त ६०० मिलीअँपिअर देतो आणि यूएसबीवरून सुरू होणेही थांबवून ठेवतो. बटण दाबले की तो पुढे जातो. एसएसडी कमी वीज घेणारी असेल तर कॉन्फिग फाइलीत यूएसबीचा कमाल प्रवाह मान्य करण्याची ओळ घालता येते. माझी तशी नव्हती, म्हणून ५ अँपिअरचा अडॅप्टरच इन्व्हर्टरच्या लाइनवर हलवला, आणि आता वीज आली-गेली तरी बोर्डाकडे जावे लागत नाही.